सात म्हणजे एकशे सव्वीस!

वाचकहो, एक छोटे कोडे घालतो. कोलकात्यातल्या रुग्णालयांत बांगलादेशातून पुष्कळ रुग्ण येतात. समजा, अशा एखाद्या रुग्णाच्या तिकडच्या रिपोर्टवर उपाशीपोटीची साखर ‘७’ लिहिली आहे आणि कोलकात्यातल्या रिपोर्टवर ‘१२६’. साखर एकदम अठरापट वाढली का?

मुळीच नाही. दोन्ही आकडे एकच आहेत. तिकडे साखर मिलिमोल प्रति लिटरमध्ये मोजतात, आपल्याकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये. साताला अठराने गुणा, १२६ येतात. उपाशीपोटी साखर इतकी किंवा याहून जास्त असेल, तर डॉक्टर मधुमेहाचा विचार करतात. म्हणजे ‘सातच तर आहे’ म्हणून निश्चिंत राहणारा माणूस मोठ्या धोक्यात असू शकतो. नुसता आकडा उपयोगाचा नाही, त्याच्यासोबत एककही हवे. वैद्यकीय माहितीशास्त्राचा, म्हणजेच मेडिकल इन्फर्मेटिक्सचा, श्रीगणेशा इथूनच होतो.

हे शास्त्र म्हणजे फक्त संगणक नव्हे. एकाने केलेली नोंद दुसऱ्या अनोळखी माणसालाही तशीच समजावी, ही त्यामागची धडपड आहे.

अशा नोंदीचे मोल काय, हे कोलकात्याच्याच एका डॉक्टरांच्या कामातून कळते. १९७१ साली बांगलादेश मुक्तियुद्धाच्या काळात सीमेवरच्या बनगावला निर्वासितांची रीघ लागली आणि कॉलरा पसरला. शिरेतून द्यायचे सलाइन पुरेना. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा यांची पाकिटे कोलकात्यात बनवून घेतली आणि ते पाणी रुग्णांना पाजायला सुरुवात केली. धावपळीतही किती रुग्ण आले, किती दगावले, याची मोजदाद ठेवली. सुमारे ३,७०० रुग्णांत मृत्यूचे प्रमाण ३.६ टक्के निघाले. जिथे फक्त शिरेतल्या सलाइनवर भिस्त होती, तिथे ते २० ते ३० टक्के होते. ही मोजदाद नसती, तर मीठ-साखरेच्या पाण्यावर कोणी विश्वास ठेवला असता? २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले.

तेव्हा कागद-पेन्सिल होती, आता संगणक आहे. पण संगणकाला अंदाज बांधता येत नाही. कोणी ‘शुगर’ लिहितो, कोणी ‘मधुमेह’, कोणी ‘डायबेटिस’. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने आजारांना सांकेतिक क्रमांक दिले. दहाव्या आवृत्तीत टाइप-२ मधुमेह म्हणजे ‘ई-११’, नेहमीचा उच्च रक्तदाब म्हणजे ‘आय-१०’. भाषा बंगाली असो की मराठी, क्रमांक तोच. तपासण्यांसाठी ‘लॉइंक’ आणि एक्स-रे, स्कॅनच्या चित्रांसाठी ‘डायकॉम’ अशा ठरलेल्या पद्धती आहेत. पहिल्या अभ्यासक्रमात साधारण हेच शिकवतात.

आणि हे घरबसल्या शिकता येते. सरकारचे ‘स्वयम्’ हे व्यासपीठ २०१७ पासून सुरू आहे. आयआयटींचा ‘एनपीटीईएल’ उपक्रम तर २००३ पासूनचा. त्याच्या मूळ संस्थांत आपली मुंबईची आयआयटी आहे, तशी बंगालमधली खरगपूरचीही. तिथे ‘हेल्थ इन्फर्मेटिक्स’ असे लिहून शोधा. यादी दर सत्रात बदलते. शिकायला पैसे लागत नाहीत. प्रमाणपत्र हवे असेल तर शुल्क भरून केंद्रावर परीक्षा द्यावी लागते. नाव नोंदवण्याआधी अभ्यासक्रम किती आठवड्यांचा आहे आणि पूर्वतयारी काय लागते, एवढे पाहा.

पण नुसते व्हिडिओ बघून पोहता येत नाही, तसेच हेही. या रविवारी घरातल्या आजी-आजोबांचे तीन जुने रिपोर्ट काढा. नातवंडांना सोबत घ्या आणि वहीत सहा रकाने आखा: तारीख, तपासणी, आकडा, एकक, त्या प्रयोगशाळेची सामान्य मर्यादा आणि प्रयोगशाळेचे नाव. शेवटी औषधांची नावे आणि कशाची अ‍ॅलर्जी आहे, तेही लिहा. रात्री-अपरात्री दवाखान्यात धावावे लागले, तर हे एक पान पिशवीभर कागदांहून जास्त कामाला येईल.

एक पथ्य मात्र पाळा. ही माहिती ज्याची आहे, त्याला विचारल्याशिवाय ती पुढे पाठवू नका. तुमचा १४ अंकी ‘आभा’ क्रमांक असेल, तरी त्याला जोडलेल्या नोंदी कोणाला दाखवायच्या हे तुमच्या संमतीवरच ठरते. मग आजोबांचा रिपोर्ट फॅमिली ग्रुपवर टाकण्याआधी त्यांची परवानगी घ्यायला नको का?