सावकाराची वही आणि आपला हिशेब

भाताच्या खाचरातून किती मिथेन वायू निघतो, हा प्रश्न वरकरणी प्रयोगशाळेपुरता वाटेल. परंतु १९९० च्या सुमारास याच प्रश्नावरून आशियातील गरीब शेतकऱ्याला पृथ्वीच्या तापमानवाढीचा आरोपी ठरविण्याचा घाट घातला गेला. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने भारतीय भातशेतीच्या माथी वर्षाला सुमारे पावणेचार कोटी टन मिथेन मारला. हा आकडा आला कोठून? पाश्चात्त्य देशांतील शेतांवरची मोजणी आपल्या क्षेत्रफळाला लावून! १९९१ मध्ये राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेचे डॉ. ए. पी. मित्रा यांच्या नेतृत्वाखाली येथील खाचरांत प्रत्यक्ष मोजणी झाली, तेव्हा तो आकडा सुमारे चाळीस लाख टनांवर उतरला. कारण उघड आहे. हा वायू पाण्याखाली सतत कोंडलेल्या मातीत तयार होतो. आपली पुष्कळशी भातशेती पावसावर विसंबून असते, आणि पावसाने ओढ दिली की खाचर सुकते.

त्याच वर्षी अनिल अग्रवाल व सुनीता नारायण यांनी जगण्यासाठीचे उत्सर्जन आणि चैनीचे उत्सर्जन यांतील भेद जगापुढे ठणकावून मांडला. परंतु न्यायाची बाजू कितीही उजळ असली, तरी स्वतःच्या मोजणीवाचून ती सभेत टिकत नाही.

मग आपल्या राज्यकर्त्यांनी या अनुभवातून काय बोध घेतला? १९९२ च्या आंतरराष्ट्रीय हवामान करारान्वये भारताने पहिला राष्ट्रीय अहवाल सादर केला तो २००४ मध्ये, आणि त्यातील हिशेब होता १९९४ चा! दुसरा अहवाल २०१२ चा. हिशेब २००० चा. पुढे हे अंतर घटले, याचे श्रेय त्यासाठी राबणाऱ्या शास्त्रज्ञांना दिलेच पाहिजे. डिसेंबर २०२४ मध्ये सादर झालेल्या अहवालात २०२० चा हिशेब आहे. त्या वर्षी उत्सर्जन आदल्या वर्षापेक्षा ७.९३ टक्क्यांनी घटले. ही घट टाळेबंदीची किती आणि धोरणाची किती? सलग वार्षिक हिशेबावाचून सामान्य नागरिकाने हे ओळखावे कसे? जागतिक पर्यावरण निधीच्या अनुदानाचा टेकू घेऊन एकेका अहवालापुरते प्रकल्प चालविल्याने स्वावलंबी यंत्रणा उभी राहत नसते.

काही मित्र म्हणतील, पाप श्रीमंत राष्ट्रांचे, मग हिशेब आम्ही का द्यावा? हा युक्तिवाद घातक आहे. ज्या कुळाने स्वतःची वही ठेवली नाही, त्याला सावकाराच्या वहीवर अंगठा उठवावाच लागला. शिवाय हा हिशेब केवळ परक्यांसाठी नाही. देशाच्या सरासरीआड आपले धनिकही लपतात. वीज, पोलाद, सिमेंटचे कारखानदारही लपतात.

महालनोबीसांच्या प्रेरणेने १९५० मध्ये गरीब, नवस्वतंत्र देशाने राष्ट्रीय नमुना पाहणी उभी केली. आज तेवढी हिंमत का नसावी? कायद्याने स्थापिलेली, स्वदेशी अर्थसंकल्पावर चालणारी कायम संस्था हवी. तिने दरवर्षी, कारखान्यागणिक आणि राज्यागणिक, लोकांच्या भाषेत हिशेब प्रसिद्ध करावा. मोजणीचा अधिकार गमावलेल्या राष्ट्राला न्याय मागण्याचा अधिकारही फार काळ उरत नाही.