लकव्यानंतर वाक्य लहान ठेवा

लकवा मारलेला माणूस दवाखान्यातून घरी येतो. हातपाय थोडे चालू लागतात; पण बोलणे जुळत नाही, म्हणून 'त्याला आता काही कळत नाही' असे घरचे ठरवून टाकतात. अनेकदा ते खरे नसते.

मेंदूतील भाषेच्या केंद्रांना, बहुतेकांत डाव्या बाजूला, इजा झाली की वाचाघात होतो. विचारशक्ती बरीच शाबूत असू शकते. मात्र ऐकलेले वाक्य समजायला त्याची सुरुवात शेवटपर्यंत ध्यानात धरावी लागते. हे काम कार्यकारी स्मृतीचे. वाचाघातात तीही अनेकदा तोकडी पडते. त्यातून मराठीत क्रियापद शेवटी येते. 'नाश्त्याआधी घेत होते ती पिवळी गोळी आजपासून बंद' हे ऐकताना 'बंद' येईपर्यंत गोळी कोणती, हेच निसटते. 'मुलीला मुलाने ढकलले' यातले शब्द ओळखीचे असतात. पण 'ला' आणि 'ने' सुटले की कोणी कोणाला ढकलले ते कळत नाही.

म्हणून एका वाक्यात एकच गोष्ट सांगावी. गोळी हातात धरून दाखवावी. टीव्ही बंद करावा, थांबावे, उत्तर बोटाने दाखवू द्यावे. ओरडून उपयोग नाही.

आर्वी, समुद्रपूरकडच्या खेड्यांतून वाचा-उपचारासाठी सेवाग्राम किंवा सावंगीला वारंवार येणे सर्वांना जमत नाही. सुट्टी देतानाच घरच्यांना हे शिकवावे. आशाताईंच्या प्रशिक्षणातही ते असावे. ज्याच्याशी बोलणे थांबते, त्याच्या औषधाचे आणि शेतीचेही निर्णय त्याला न विचारता होऊ लागतात.