सोपे काम यंत्राकडे गेले, अवघड काम कोणाकडे?

शासकीय सेवेतले काम पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत कसे असेल, ही चर्चा वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या बैठकीत निघाली की लगेच ई-ऑफिस, डॅशबोर्ड आणि कृत्रिम बुद्धिमत्तेकडे वळते. फेब्रुवारी २०२५ मध्ये राज्य सरकारने पाचशे सेवा व्हॉट्सअॅपवरून देण्याचे जाहीर केले. २१ जून २०१२ च्या आगीत मंत्रालयातल्या फायली जळाल्यानंतर कागदाविना कारभाराला जोर आला, तोही योग्यच होता. यंत्रे यायला हवीत. पण जे काम यंत्राला कधीच जमणार नाही ते कोण करणार, कोणत्या पगारावर आणि कोणाच्या जबाबदारीवर, हा प्रश्न त्या बैठकीत शेवटपर्यंत कोणी विचारत नाही. तो सचिव, आयुक्त, जिल्हाधिकारी आणि जिल्हा परिषदांचे मुख्य कार्यकारी अधिकारी यांनाच विचारला पाहिजे, कारण उत्तराचा मोठा भाग त्यांच्याच हातात आहे. माझे मुद्दे असे.

१. यंत्र आले की खालचे काम हलके होते, हा समज आधी सोडावा.

महसूल खात्याचेच पाहू. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा ऑनलाइन मिळू लागला. पंधरा रुपये भरा, उतारा घ्या. त्यासाठी तलाठ्याची वाट पाहत सजा कार्यालयाच्या दारात ताटकळणारा शेतकरी त्यातून सुटला. महाराष्ट्राच्या प्रशासनातल्या खरोखर चांगल्या सुधारणांपैकी ही एक आहे.

मात्र उताऱ्याची प्रत देणे हे तलाठ्याच्या कामातले सर्वांत सोपे काम होते. उरले ते वारसनोंदीचे, वाटपाचे, बहिणीचे नाव लावण्या-न लावण्याचे, बांधाच्या वादाचे. फेरफाराची नोटीस काढायची, हरकतीसाठी मुदत द्यायची, हरकत आली तर तक्रारी नोंद करून प्रकरण सुनावणीला पाठवायचे. त्यात माणसे ओळखावी लागतात, दोन भावांतला कोण दबावाखाली गप्प आहे हे समजावे लागते. अवकाळी पाऊस झाला की तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक चिखल तुडवत पंचनाम्याला निघतात. उपग्रहाचे चित्र मदतीला येईल, पण वाहून गेलेल्या पिकाचा मालक कोण आणि कसणारा कोण, हे त्या चित्रात दिसत नाही.

म्हणजे सोपे काम यंत्राने उचलले की माणसाकडे निव्वळ अवघड काम शिल्लक राहते. अशा कामाला अधिक शिकलेला, अधिक काळ टिकणारा आणि नोकरीची धास्ती नसलेला माणूस लागतो. आपण चाललो आहोत नेमके उलट्या दिशेने.

२. रिकामी पदे हे वरिष्ठांचे अपयश मानले जावे.

राज्यातल्या मंजूर पदांपैकी साधारण एक तृतीयांश पदे गेली काही वर्षे रिकामी राहत आली आहेत. रिकाम्या पदाचे काम दुसऱ्याकडे देण्याला सरकारी भाषेत ‘अतिरिक्त कार्यभार’ म्हणतात. प्रत्यक्षात एक माणूस दोन-तीन सजांचा किंवा ग्रामपंचायतींचा कारभार पाहतो आणि कुठल्याच गावात वेळेवर पोचत नाही. काम करायला माणसे मिळत नाहीत, अशी सबब इथे चालणार नाही. २०२३ च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांहून थोड्या अधिक जागांसाठी दहा लाखांवर अर्ज आले. खुल्या प्रवर्गातल्या मुलांनी एकेक हजार रुपये शुल्क भरून हे अर्ज केले होते.

पदे राजकीय निर्णयाअभावी रिकामी राहतात, हे सर्रास ऐकू येते. ते अर्धेच खरे आहे. भरतीआधीची सगळी किचकट कामे प्रशासनाची असतात: आकृतिबंध (मंजूर पदांचा आराखडा) सुधारणे, सेवाप्रवेश नियम अद्ययावत करणे, बिंदुनामावली तपासून घेणे, मागणीपत्र वेळेत पाठवणे. २०२२ मध्ये वित्त विभागाने, ज्या विभागांचा सुधारित आकृतिबंध मंजूर आहे त्यांना सरळसेवेची रिक्त पदे शंभर टक्के भरण्याची मुभा दिली, बाकीच्यांना ऐंशी टक्के. ज्या विभागाच्या सचिवाने आकृतिबंधाची फाइल हातावेगळी केली नव्हती, त्या विभागाची वीस टक्के रिक्त पदे त्या एका फाइलपायी अडली. या कामाचे उद्घाटन होत नाही, फोटो निघत नाही, म्हणून ते मागे पडते. राज्य सरकारच्या २०२५ च्या दीडशे दिवसांच्या कार्यक्रमात आकृतिबंध आणि सेवाप्रवेश नियम हे विषय घेतले गेले, याचे मी मनापासून स्वागत करतो. हे काम मुळात रोजचेच आहे, ते मोहीम काढून करण्याची वेळ यायला नको होती.

३. कंत्राटी माणूस हा कारभाराचा कायमचा पाया होऊ शकत नाही.

६ सप्टेंबर २०२३ चा शासन निर्णय आठवा. नऊ खासगी संस्थांमार्फत मनुष्यबळ घेण्याची ती व्यवस्था होती. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले जिल्ह्याजिल्ह्यांत रस्त्यावर आली आणि २० ऑक्टोबरला तो निर्णय मागे घेत असल्याचे जाहीर झाले. निर्णय गेला, पण रीत राहिली. राष्ट्रीय आरोग्य अभियानातल्या परिचारिका, ग्रामपंचायतींतले संगणक परिचालक, कार्यालयांतले डेटा एंट्री करणारे, सफाई कामगार यांची वर्षांमागून वर्षे मुदतवाढीवर जातात.

यामागे पैसा वाचवण्याचा विचार आहे हे मान्य. तरी कारभाराच्या दृष्टीने त्याची किंमत काय? ज्याची नेमणूक अकरा महिन्यांची आहे तो साहेबाला ‘हे नियमात बसत नाही’ असे सांगू शकत नाही. शासकीय नोकरीला संरक्षण दिले गेले ते आळसासाठी नव्हे. खालच्या माणसाला चुकीच्या आदेशाला नकार देता यावा, यासाठी ते आहे. हे संरक्षण काढून घेतले की वरिष्ठाला त्याच्या चुका वेळीच दाखवणारे कोणी उरत नाही.

न्यायालयाची भूमिकाही वरिष्ठांनी नीट वाचावी. नियमबाह्य नेमणुका कायम करण्यास मनाई करणाऱ्या २००६ च्या उमादेवी निकालाचा आधार घेऊन वर्षानुवर्षे कंत्राटी कर्मचाऱ्यांना दारातूनच परत पाठवले गेले. डिसेंबर २०२४ मध्ये ‘जग्गो विरुद्ध भारत सरकार’ या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने केंद्रीय जल आयोगातल्या सफाई आणि खलाशी कामगारांच्या बाजूने निकाल दिला आणि दीर्घकाळ कायमस्वरूपी काम करणाऱ्यांना वगळण्यासाठी उमादेवीचा असा वापर करता येणार नाही हे स्पष्ट केले. आपल्या खात्यात असे किती लोक आहेत, याची यादी प्रत्येक सचिवाने न्यायालयाची नोटीस येण्याआधीच करावी.

४. नव्या योजनेचा भार कोणाच्या पाठीवर पडतो, याचा हिशेब योजनेबरोबरच मांडला जावा.

अंगणवाडी सेविका हे याचे सर्वांत बोलके उदाहरण, म्हणून त्यावर थोडे थांबतो. एकात्मिक बालविकास सेवा योजना १९७५ ची. सेविकेला पगार नाही, मानधन आहे. ती शासकीय कर्मचारी गणली जात नाही. तिचे मूळ काम तीन ते सहा वर्षांच्या मुलांना शिकवणे, कुपोषण ओळखणे, गरोदर मातांकडे लक्ष देणे. २०२१ मध्ये पोषण ट्रॅकर हे अॅप आले. ज्या मोबाइलवर माहिती भरायची ते बिघडत होते, अॅप इंग्रजीत होते, आणि त्याच वर्षी महाराष्ट्रातल्या सेविकांनी मोबाइल परत करण्याचे आंदोलन केले. अॅप बनवताना आणि मंजूर करताना एकाही वरिष्ठाने एखाद्या अंगणवाडीत बसून ते स्वतः भरून पाहिले असते, तर ही वेळ आली नसती असे मला ठामपणे वाटते.

पुढे जून २०२४ च्या अखेरीस लाडकी बहीण योजना जाहीर झाली. कोट्यवधी अर्ज काही आठवड्यांत भरून घ्यायचे होते. अंगणवाडी सेविका त्या कामाला लावल्या गेल्या आणि पात्र अर्जामागे पन्नास रुपये देण्याचे ठरले. योजनेबद्दल कोणाचे काहीही मत असो, प्रशासकीय प्रश्न वेगळा आहे: त्या आठवड्यांत अंगणवाडीतल्या मुलांचे वजन कोणी घेतले? हा प्रश्न मंत्र्यांपुढे लेखी मांडणे सचिवाचे काम होते. फाइलवर दोन ओळींची टिपणी पुरली असती की या कामासाठी इतके मनुष्यदिवस लागतील आणि तेवढे दिवस अमुक काम बंद राहील. निर्णय मंत्र्यांचा, पण त्याची किंमत सांगणे अधिकाऱ्याचे कर्तव्य.

याच सेविका डिसेंबर २०२३ पासून दीड महिन्याहून अधिक काळ संपावर होत्या. त्याआधी, एप्रिल २०२२ मध्ये, त्या ग्रॅच्युइटीला पात्र आहेत असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने गुजरातच्या प्रकरणात दिला होता. शासकीय सेवेच्या भवितव्याबद्दल बोलायचे तर सुरुवात इथून करा. एक लाखाहून अधिक अंगणवाड्या असलेल्या राज्यात खेड्यातल्या आईला भेटणारे सरकार म्हणजे ही बाई.

एक साधा नियम मागतो. नवे अॅप, नवा तक्ता, नवे मासिक विवरणपत्र सुरू करायचे असेल तर त्याच आदेशात कोणते जुने बंद होते ते लिहिलेले असावे. अॅपमध्येही माहिती भरा आणि नोंदवहीतही भरा, हा दुहेरी जाच एका सहीने थांबवता येतो.

५. कामाची फेरमांडणी वरिष्ठ करू शकतो, हे याच मातीत सिद्ध झाले आहे.

१९८० च्या दशकात अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखीना यांनी टेबलावर संगणक नसताना जिल्हाधिकारी कार्यालय बदलून दाखवले. अभिलेख वर्गवारीने लावले, कालबाह्य कागद निकाली काढले, आडोसे हटवून कर्मचाऱ्यांना मोकळ्या दालनात बसवले, आणि बाहेरून आलेल्या माणसाला एकाच खिडकीवर उत्तर मिळेल अशी सोय केली. कर्मचाऱ्याची बसायची जागा आणि कपाट यांचाही विचार झाला. ‘लखीना पॅटर्न’ म्हणून तो राज्यभर गाजला.

पुढे त्याचे परिपत्रक झाले. अनेक ठिकाणी भिंती रंगल्या, फलक लागले आणि कामाची रीत पूर्वीचीच राहिली. सुधारणा करणारा अधिकारी बदलून जातो आणि नवा येणारा स्वतःच्या नावाचा नवा उपक्रम काढतो, हे आपल्याकडचे जुने दुखणे आहे. अण्णा हजारे यांच्या आंदोलनाच्या रेट्यातून आलेल्या २००५ च्या बदल्यांच्या अधिनियमात तीन वर्षांचा सामान्य कार्यकाळ लिहिला आहे. अपवाद करायचा तर कारणे नोंदवायची. २०१३ च्या टी. एस. आर. सुब्रमणियन निकालात सर्वोच्च न्यायालयाने निश्चित कार्यकाळाचा आणि तोंडी आदेश लेखी नोंदवण्याचा आग्रह धरला. तरीही वर्षभराच्या आत बदललेले जिल्हाधिकारी आणि आयुक्त आपण पाहत आलो आहोत. हा दोष राजकीय नेतृत्वाचा आहे आणि तो त्यांच्याच पदरात घातला पाहिजे. पण स्वतःला हवी ती ‘पोस्टिंग’ मिळवण्यासाठी मुदतीआधी बदली मागणारे अधिकारीही त्यात सामील आहेत, हे लपवण्यात अर्थ नाही.

६. दंडाची साखळी वरपर्यंत जावी.

लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ चा. मुदतीत सेवा दिली नाही तर पदनिर्देशित अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंड होऊ शकतो. योग्य आहे. पण ज्या कार्यालयात चारपैकी दोन पदे भरलेलीच नाहीत तिथे हा दंड कोणी भरायचा? पद रिकामे ठेवणाऱ्यावर कायद्याने कसलाही भार टाकलेला नाही. बदल्यांच्या त्याच अधिनियमात कोणतीही फाइल एका टेबलावर सर्वसाधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये असेही म्हटले आहे. ई-ऑफिसमुळे प्रत्येक टेबलावरचे दिवस आता मोजता येतात. मग ते अवर सचिवापासून मुख्य सचिवापर्यंत सर्वांचे मोजावेत आणि दर तीन महिन्यांनी जाहीर करावेत.

वरिष्ठांच्या गोपनीय अहवालात आणखी तीन गोष्टी याव्यात: हाताखालची किती पदे भरली, कंत्राटी लोकांचे मानधन महिन्याच्या ठरल्या तारखेला गेले का, आणि निवृत्त होणाऱ्यांची निवृत्तिवेतन प्रकरणे वेळेत निघाली का.

७. व्हिडिओ कॉन्फरन्स (व्हीसी) कमी, दप्तर तपासणी जास्त.

२०२५ च्या शंभर दिवसांच्या कार्यक्रमात क्षेत्रीय कार्यालयांना भेटी हा मुद्दा होता. भेट म्हणजे हारतुरे आणि फोटो नव्हे. जुन्या काळी साहेब दप्तर तपासायला बसत, आवक-जावक उघडत, जुन्यात जुने प्रकरण काढायला सांगत. दुसरीकडे व्हीसीत तालुक्यातले सगळे अधिकारी अर्धा दिवस पडद्यासमोर बसतात आणि बाहेर लोक ताटकळतात. हे थांबवायला खर्च शून्य आहे.

८. जे आज रुजू होत आहेत त्यांना काय शिकवतो?

२०२४ मध्ये पंचविशीत रुजू झालेला तलाठी अठ्ठावन्नाव्या वर्षी, म्हणजे २०५७ मध्ये निवृत्त होईल. त्याच्या कामाचे स्वरूप ठरवणारे आजचे बहुतेक सचिव त्याच्या बऱ्याच आधी निवृत्त झालेले असतील. ऑनलाइन चित्रफिती पाहून मिळालेली प्रमाणपत्रे त्याला पुरणार नाहीत. सुनावणी कशी घ्यावी, दोन्ही बाजू कशा ऐकाव्यात, सामान्य माणसाला कळेल अशा मराठीत सकारण आदेश कसा लिहावा, संगणकाने दाखवलेले अपात्रतेचे कारण चुकीचे असेल तर ते कोणत्या अधिकाराने दुरुस्त करावे, हे त्याला कोणीतरी शेजारी बसवून शिकवले पाहिजे. निवृत्तीला आलेल्या मंडळ अधिकाऱ्यांकडे आणि नायब तहसीलदारांकडे हे ज्ञान आहे आणि दरवर्षी शेकडो जण ते घरी घेऊन जात आहेत. प्रत्येक जिल्हाधिकाऱ्याने त्यांच्यापैकी चांगले दहा जण निवडावेत, नव्या तुकडीतली मुले सहा महिने त्यांच्याजवळ बसवावीत, आणि त्या काळात त्या मुलांवर दुसऱ्या कुठल्याही सजाचा अतिरिक्त कार्यभार टाकू नये.