गोवंडीचं धुराडं खालापूरच्या वाटेवर; पिशवीत काय भरतं ते कोण बघणार?

शिरढोण (ता. पनवेल) : पेशंटला घरी आणताना नातेवाईक बिल बघतात, गोळ्यांची पिशवी मोजून घेतात. खाटेखालच्या डब्यात काय काय पडलं ते मात्र कुणी बघत नाही. सलाईनची रिकामी बाटली, नळी, सुई, रक्ताचा कापूस, हातमोजे, त्यातच चहाचे कप आणि बिस्किटाचे पुडे. संध्याकाळी डबा रिकामा होतो आणि वॉर्ड परत स्वच्छ दिसतो. डब्यातलं मग जातं कुठं?

पनवेल आणि खालापूर तालुक्यांसाठी हा प्रश्न आता दाराशी आला आहे. मुंबईतल्या दवाखान्यांचा कचरा ज्या गोवंडी-देवनार भागातल्या प्रकल्पात जाळला जातो, तो प्रकल्प खालापूर तालुक्यात जांभिवलीला हलवावा, असं मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये सांगितलं आणि त्यासाठी दोन वर्षांची मुदत दिली. आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचं जन्मगाव असलेल्या शिरढोणपासून खालापूर तालुका काही परका नाही. सोयरीक, बाजार, नोकरी, सगळीकडून येणंजाणं आहे. तारीख पुढेमागे होईल, पण आदेशातला पत्ता शेजारचा आहे.

गोवंडीवाले का लढले

गोवंडीची वस्ती गरिबांची आणि दाट. शेजारी देवनारचं डम्पिंग ग्राउंड, त्यात दवाखान्यांच्या कचऱ्याचा धूर. श्वासाचे आजार वाढल्याची तक्रार घेऊन गोवंडी न्यू संगम वेल्फेअर सोसायटी ही स्थानिक संस्था न्यायालयात गेली. त्यांची मागणी चुकीची होती असं कुणी म्हणू शकत नाही. दाट वस्तीत असं धुराडं नकोच.

पण धुराड्याची जागा बदलली म्हणून धूर बदलत नाही. मुंबईत रोज जेवढा कचरा निघतो, तेवढा निघणारच. पनवेल तालुक्याला हे नवीन नाही. तळोजा औद्योगिक वसाहतीत दवाखान्यांच्या कचऱ्याचं केंद्र आहे आणि कारखान्यांचा घातक कचरा पुरण्याची जागाही तिथंच आहे. उपचार शहरात आणि राख गावात, अशी ही विभागणी हळूहळू पक्की होत चालली आहे. म्हणून नुसतं ‘प्रकल्प नको’ म्हणून भागणार नाही. गोवंडीनेही नको म्हटलं, उद्या जांभिवलीही म्हणेल. जाळायला येणारा माल कमी कसा होईल, हा खरा मुद्दा आहे, आणि त्याचं उत्तर दवाखान्याच्या खाटेजवळ सापडतं.

चार रंग, चार वाटा

देशात २०१६ पासून जैववैद्यकीय कचऱ्याचे नवे नियम लागू आहेत. त्यात चार रंग ठरवून दिलेत. पिवळ्या पिशवीत रक्तापुवाने माखलेला कापूस, ड्रेसिंग, शरीराचे भाग, मुदत संपलेली औषधं. लाल पिशवीत सलाईनच्या नळ्या, बाटल्या, हातमोजे, सुई काढलेल्या सिरिंज. पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात सुया आणि ब्लेड. निळ्यात काचेच्या बाटल्या. चहाचे कप, कागद, उष्टं अन्न हे यात कुठंच येत नाही. तो साधा कचरा, तो नेहमीच्या घंटागाडीत जायचा.

यातली पिवळी पिशवी मुख्यतः भट्टीत जाते. लाल पिशवीतलं प्लॅस्टिक वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक करून, तुकडे करून पुन्हा वापरायला देता येतं. म्हणजे नळी लाल पिशवीत गेली तर तिचं पुढं काहीतरी होतं, पिवळ्यात गेली तर तिचा धूर होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने दवाखान्यातला साधारण ८५ टक्के कचरा साधाच असतो, धोक्याचा फक्त १५ टक्के. पण रात्रपाळीला एक सिस्टर, एक मावशी आणि भरलेला वॉर्ड असला की सगळं एकाच पिशवीत जातं. १५ किलोचे १०० किलो व्हायला वेळ लागत नाही.

मिसळण्यामागे पैशाचंही गणित आहे. कचरा नेणारी कंपनी काही ठिकाणी खाटेमागे पैसे घेते, काही ठिकाणी किलोमागे. खाटेमागे दर असला की कचरा कमी केला तरी दवाखान्याचा रुपया वाचत नाही, मग वेगळं करायची दगदग कशाला? किलोमागे दर असला की उलटी भीती, वजन कमी दाखवायला थोडा माल साध्या कचऱ्यात सरकवण्याची. दोन्हीकडे पिशवी उघडून बघणारा माणूस लागतो, आणि नेमका तोच नसतो.

धूर दुधापर्यंत कसा येतो

भट्टी नीट चालली तर धूर बराच सुधारतो. नियमाप्रमाणे पहिल्या कप्प्यात किमान ८०० अंश आणि दुसऱ्या कप्प्यात १०५० अंशांच्या आसपास तापमान लागतं, आणि दुसऱ्या कप्प्यात वायू निदान दोन सेकंद थांबायला हवा. भट्टी थंड चालली, ओला माल कोंबला किंवा क्लोरिन असलेलं प्लॅस्टिक, म्हणजे पीव्हीसी, आत गेलं की डायॉक्सिन नावाचं विष तयार होतं. म्हणून तर क्लोरिनयुक्त प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि हातमोजे मार्च २०१९ पर्यंत बंद करायला सरकारने सांगितलं होतं.

डायॉक्सिन डोळ्याला दिसत नाही, वास येत नाही. ते गवतावर, मातीवर बसतं. गुरं ते गवत खातात आणि विष चरबीत साठतं. माणसाच्या अंगात जाणारं ९० टक्क्यांहून जास्त डायॉक्सिन अन्नातून जातं, मुख्यतः दूध, मांस, मासे यांतून, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. शहरातल्या माणसाला धूर नाकाने कळतो. गावात तो म्हशीच्या वाटेने घरात येतो आणि कळतही नाही. भातशेती आणि दुधाचा जोडधंदा असलेल्या भागात प्रकल्प येतो तेव्हा ‘औद्योगिक क्षेत्र आहे, तिथं काय होतंय’ हे उत्तर पुरत नाही ते यामुळेच.

कमी कचऱ्यातही ऑपरेशन होतं

‘स्वच्छता पाळायची तर कचरा होणारच’ असं दवाखानेवाले सांगतात. त्यात अर्धं खरं आहे. सुई आणि सिरिंज एकदाच वापरायची, त्यात तडजोड नाही. पण बाकी बरंच काही सवयीने फेकलं जातं. तामिळनाडूतल्या मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाचं उदाहरण जगभर दिलं जातं. मोतीबिंदूच्या एका ऑपरेशनमागे तिथं होणारं कार्बनचं उत्सर्जन ब्रिटनमधल्या तशाच ऑपरेशनच्या ५ टक्क्यांच्या आसपास निघालं, असं २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. तिथं हत्यारं निर्जंतुक करून परत वापरतात, कापडी गाऊन धुऊन घेतात, वेळ आणि साहित्य वाया घालवत नाहीत. आणि पेशंटच्या नजरेचा निकाल कुठं कमी पडला नाही.

म्हणजे पर्यावरण सांभाळणारा दवाखाना ही श्रीमंत देशांची चैन नव्हे. पनवेलसारख्या वाढत्या शहरात वर्षाला नवे दवाखाने उभे राहतायत. बांधतानाच वाफेचं मोठं यंत्र, धुण्याची सोय आणि कचरा वेगळा ठेवायला खोली धरली तर पुढचा खर्च वाचतो. नंतर जिन्याखाली जागा शोधायची वेळ येत नाही.

गावच्या उकिरड्यात पण सुया

सगळा दोष शहराच्या माथी मारून चालणार नाही. गावात आता घरटी साखरेचा पेशंट सापडतो. इन्सुलिनच्या सुया घरच्या कचऱ्यात जातात. गोठ्यात गुराला टोचलेली सुई शेणखताच्या खड्ड्यात पडते. ते खत शेतात जातं आणि आवणात अनवाणी उतरलेल्या बाईच्या पायात घुसते ती हीच सुई. डॉक्टरांकडे गेल्यावर धनुर्वाताचं इंजेक्शन, म्हणजे आणखी एक सुई!

जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम नुसत्या मोठ्या दवाखान्यांना नाहीत. एका खोलीचा दवाखाना, तपासणीची लॅब, लसीकरणाचं शिबिर, गुरांचा दवाखाना, सगळे त्यात येतात. गोठ्यात आलेल्या पशुवैद्यकाने सुई बरोबर परत न्यावी, हे मालकाने हक्काने सांगायला हवं. घरच्या सुया आणि मुदत संपलेल्या गोळ्या घनकचऱ्याच्या नियमांत घरगुती घातक कचरा म्हणून येतात. त्या जमा करायची सोय स्थानिक संस्थेने करायची आहे. तोवर जाड प्लॅस्टिकच्या बाटलीत सुया भरून, झाकण घट्ट लावून, बाटली वेगळी ठेवली तरी घंटागाडीवरच्या माणसाचा हात वाचतो.

ग्रामसभेत काय विचारायचं

विरोधाचा बोर्ड लावणं सोपं आहे. आकडे मागणं जास्त उपयोगाचं, कारण नियमांनी ते द्यायला लावलेत.

पहिलं, दवाखान्याला. दर वर्षी ३० जूनपर्यंत प्रत्येक दवाखान्याने प्रदूषण नियंत्रण मंडळाला वार्षिक अहवाल द्यायचा असतो. कोणत्या रंगाच्या पिशवीत किती किलो गेलं, ते त्यात असतं. पिवळीच भारी आणि लाल हलकी असेल तर कुठं चुकतंय ते तिथंच कळतं. प्रत्येक पिशवीवर बारकोड आहे का, तेही बघता येतं. रक्ताचा आणि शरीराच्या भागांचा कचरा प्रक्रियेशिवाय ४८ तासांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. पावसात गाडी आली नाही तर काय करता, हेही विचारावं.

दुसरं, प्रकल्पाला. धुराड्याची तपासणी तीन महिन्यांतून एकदा आणि डायॉक्सिनची वर्षातून एकदा करावी लागते. डायॉक्सिनची मर्यादा घनमीटरला ०.१ नॅनोग्रॅम आहे. शेवटची तपासणी कधी झाली, आकडा किती आला, राख कुठं पाठवली, हे तिन्ही प्रश्न लेखी विचारता येतात. प्रकल्पाचं अंतरही विचारावं. असे प्रकल्प वस्तीपासून शक्यतो ५०० मीटर लांब असावेत, अशी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची मार्गदर्शक सूचना आहे.

उत्तर मिळालं नाही तर मंडळाकडे माहितीच्या अधिकाराचा अर्ज. फी १० रुपये, दारिद्र्यरेषेखाली असाल तर तीही नाही, आणि उत्तराची मुदत ३० दिवस. प्रकल्प सुरू व्हायच्या आधी एकदा गावातल्या हवेची, मातीची आणि दुधाची तपासणी करून कागद जपून ठेवला तर पुढं ‘हे आधीपासूनच होतं’ असं सांगायला कुणाला जागा राहत नाही. ही तपासणी स्वस्त नाही. म्हणून ती प्रकल्पाच्या खर्चाने, मंडळाच्या देखरेखीत व्हावी, अशी अट ग्रामसभेच्या ठरावात आत्ताच यायला हवी. प्रकल्प उभा राहिल्यावर ही अट कोण ऐकणार?

गोवंडीच्या लोकांना न्यायालयापर्यंत जावं लागलं, कारण धुराडं आधी आलं आणि हिशेब मागायची वेळ नंतर आली. खालापूर आणि पनवेलच्या गावांनी निदान हिशेब तरी आधी मागावा.