दगडावरच्या पोपटाला हात लावू नका

मुलांकडे अमेरिकेला निघालेल्या आई-बाबांच्या यादीत ग्रँड कॅन्यन हमखास असतं. त्याला जोडून दोन दिवस काढा आणि न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्कीला जा, असं माझं सांगणं आहे. शहराला लागूनच पश्चिमेला पेट्रोग्लिफ नॅशनल मॉन्युमेंट आहे. लाव्हारसाच्या काळ्या दगडांची १७ मैल लांब धार आणि तिच्यावर अंदाजे २४,००० खोदचित्रं. त्यातली बहुतेक आजच्या प्युब्लो या मूळनिवासी लोकांच्या पूर्वजांनी १३०० ते १६८० या काळात कोरली. दगड आपल्या ओळखीचाच, बेसॉल्ट. बाकी सगळं वाळवंट.

इथली रिंकोनाडा कॅन्यनची वाट फिरून येऊन जेमतेम साडेतीन किलोमीटर. चढही फारसा नाही, आणि लोक फसतात ते इथेच. पायाखाली भुसभुशीत रेती असते, पाऊल मागे सरकतं, सावलीला झाड नाही, वाटेत पाणी नाही. माणशी दोन लिटर पाणी, रुंद काठाची टोपी आणि बंद बूट हवेतच. सँडल घालाल तर अर्धा वेळ काटे काढण्यात जाईल. दम लागला तर वयाला दोष देऊ नका, तुम्ही महाबळेश्वरपेक्षा उंचावर आहात. दगडांच्या फटीत न बघता हात घालू नका, रॅटलस्नेक असतो. जुलै-ऑगस्टात दुपारी गडगडाट ऐकू आला की फोटो राहू द्या, मागे फिरा. पर्स गाडीत दिसेल अशी ठेवू नका.

ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांनी बोका नेग्रा कॅन्यनमधली मकॉ ट्रेल धरावी. अगदी छोटी वाट, आणि तिथे दगडावर चक्क मोठा पोपट. हा मकॉ या वाळवंटातला पक्षी नाही. त्याचं रान दूर दक्षिणेला मेक्सिकोत. तिथून पक्षी आणि पिसं व्यापारातून इकडे येत. जवळ जाऊन, पण वाटेवरूनच, रेषा नीट बघा. उन्हातान्हात हजारो वर्षं पडलेल्या दगडावर लोह-मँगनीजचा पातळ काळपट थर चढतो. तो दगडानेच ठोकून ठोकून उडवला की आतला फिका करडा रंग दिसतो. चित्र म्हणजे एवढाच रंगाचा फरक.

आता आपल्या सवयीबद्दल. शिल्प दिसलं की आपला हात आधी त्याला लागतो आणि मग कपाळाला. नमस्कार करायचा तर लांबूनच करा. बोटांचं तेल त्या थराला लागतं, आणि दिवसभर किती बोटं लागतील याचा हिशेब तुम्हीच करा. फोटो उठावदार यावा म्हणून रेषांत खडू भरू नका, पाणी ओतू नका. सकाळच्या किंवा उतरत्या तिरक्या उन्हात चित्रं आपोआप उठून दिसतात. भर दुपारी तोच दगड सपाट वाटतो.

आणखी एक. ही चित्रं कोरणारे लोक ‘नामशेष’ झालेले नाहीत. न्यू मेक्सिकोत आजही १९ प्युब्लो वस्त्या आहेत आणि त्यांच्या दृष्टीने ही जागा पवित्र आहे. त्यांच्या पूर्वजांसाठी जुन्या पुस्तकांत येणारा ‘अनासाझी’ हा शब्द शेजारच्या नावाहो जमातीचा, तो प्युब्लो लोकांना आवडत नाही. तिथे कुणी प्युब्लो माणूस भेटला तर अमुक चित्राचा अर्थ काय म्हणून खोदून खोदून विचारू नका. काही अर्थ बाहेरच्याला सांगायचे नसतात, आणि मंत्र घेतलेल्या आजीच्या नातवंडांना हे वेगळं समजावायला नको.

रिंकोनाडाचं फाटक संध्याकाळी बंद होतं. वेळ फलकावर बघूनच चालायला लागा.