शाळकरी वयात पदवीचे श्रेयांक

'श्रेयांक' हा शब्द आता पाचवीच्या वर्गापर्यंत येऊन पोहोचला आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने राष्ट्रीय श्रेयांक आराखडा जाहीर केला आणि शाळेचे एक वर्ष म्हणजे १२०० तासांचे अध्ययन, त्याचे ४० श्रेयांक, असा हिशेब घालून दिला. पालकवर्गात याचा भलताच अर्थ लावला जाण्याचा धोका आम्हांस दिसतो. मुलाच्या खात्यावर बारावीपर्यंत श्रेयांक साठले की पदवीची तेवढी वाट सरली, अशी समजूत होणे साहजिक आहे. तसे मुळीच नाही. आराखड्यात बारावी ही चौथी पातळी. पदवीचे पहिले वर्ष साडेचारव्या पातळीचे, आणि तीन वर्षांच्या पदवीचे १२० श्रेयांक विद्यार्थ्याने नव्यानेच मिळवावयाचे आहेत.

शाळेत असतानाच महाविद्यालयाचे श्रेयांक खरोखरीच पदरात पडण्याची सोय मोठ्या प्रमाणावर पाहावयाची तर अमेरिकेकडे वळावे लागते. तेथे दोन वाटा आहेत. पहिली 'ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट' परीक्षेची, १९५०च्या दशकात निघालेली. विषय शाळेच्याच शिक्षकाने शिकवावयाचा, मे महिन्यात देशव्यापी परीक्षा, गुण एक ते पाच. तीन गुणांवर पुष्कळ महाविद्यालये श्रेयांक देतात; नामवंत संस्था बहुधा चार-पाचांखाली पाहत नाहीत आणि काही तर श्रेयांक देतच नाहीत. ही पद्धत आमच्याकडे आली तर पहिला लाभ शिकवणीवर्गांना होईल, हे सांगावयास ज्योतिषी नको.

दुसरी वाट अधिक विचार करण्याजोगी आहे. १९८५ साली मिनेसोटा राज्याने कायदा करून शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांतील विद्यार्थ्यांना थेट महाविद्यालयाच्या वर्गात बसण्याची मुभा दिली. शुल्क नाही, पुस्तकांचा खर्च नाही. एकच अभ्यासक्रम शाळेकडे आणि महाविद्यालयाकडे, दोन्हीकडे जमेस धरावयाचा. पैसा कोठून आला? त्या विद्यार्थ्यापोटी शाळेला मिळणाऱ्या सरकारी रकमेचा एक हिस्सा महाविद्यालयाकडे वळविण्यात आला. शाळाचालकांनी कुरकुर केली यात नवल नाही. आमच्या अनुदानित संस्थांचे चालक काय म्हणतील याचीही कल्पना करता येते. आज अशी सोय त्या देशभर पसरली असून २०२२-२३ साली सुमारे २५ लाख शाळकरी विद्यार्थ्यांनी तिचा लाभ घेतला. तरीही कृष्णवर्णीय मुलांचा वाटा त्यांच्या संख्येच्या मानाने कमीच राहिला. शिवाय सतराव्या वर्षी पडलेली वाईट श्रेणी महाविद्यालयाच्या नोंदीत कायमची राहते, हा धोका वेगळाच. मिनेसोटाच्या योजनेतील एक बारीकसे कलम मात्र आम्हांस फार मोलाचे वाटते. गरीब कुटुंबातील विद्यार्थ्याला महाविद्यालयापर्यंतच्या प्रवासाचा खर्चही मागता येतो.

सोळा-सतरा वर्षांचे मूल महाविद्यालयात टिकेल काय, ही शंका गोमंतकात तरी कोणी काढू नये. १९६२ साली पणजी व मडगाव येथे मुंबई विद्यापीठाशी संलग्न अशी पहिली महाविद्यालये निघाली, तेव्हा अकरावीची शालान्त परीक्षा उत्तीर्ण झालेली मुले थेट त्यांच्याच वर्गांत जाऊन बसत. पुढे दहा अधिक दोनची पद्धत आली, उच्च माध्यमिक विद्यालये निराळी झाली आणि दोहोंमध्ये भिंत उभी राहिली. अनेक ठिकाणी ती एकाच संस्थेच्या आवारात आहे!

या भिंतीला एखादे दार पाडावयास फार मोठ्या धोरणाची गरज नाही. २०२३-२४ पासून गोवा विद्यापीठाने नवा पदवी अभ्यासक्रम स्वीकारला आहे. त्यात मुख्य विषयाबाहेरचे, तीन-चार श्रेयांकांचे सुटे अभ्यासक्रम आहेत. बारावीच्या विद्यार्थ्याला त्यांपैकी एखादा घेऊ द्यावा, उत्तीर्ण झाल्यास ते श्रेयांक पदवीत धरले जातील असे विद्यापीठाने लेखी द्यावे, आणि अनुत्तीर्ण झाल्यास त्याची नोंद पुढे नेऊ नये. शुल्क सरकारने भरावे. प्रारंभ पणजी-मडगावातून न करता साखळी, खांडोळा, केपे येथील सरकारी महाविद्यालयांतून करावा. न पेक्षा ज्यांच्या घरी मोटार आहे त्यांचीच मुले एक सत्र आधी पदवीधर होतील. वाळपईच्या मुलीला दुपारी शाळा सुटल्यावर साखळीच्या वर्गाला वेळेवर पोहोचविणारी आणि अंधार पडण्यापूर्वी घरी आणणारी कदंबची बस आहे काय, हे शिक्षण खात्याने वेळापत्रक काढून आधी पाहावे.