फळ्यावर न येणारी तारीख

दररोज सकाळीं शाळांतून परिपाठ होतो. त्यांत प्रार्थना झाली कीं दिनविशेष सांगण्याची चाल आहे. आज अमके जन्मले, आज तमके वारले, आज अमुक ठिकाणीं पहिली आगगाडी धांवली, अशीं चार वाक्यें फळ्यावर लिहावयाचीं, मुलांनीं तीं मोठ्यानें वाचावयाचीं, आणि दुसरे दिवशीं पुसून टाकावयाचीं. आम्ही मास्तर लोक हें काम वर्षानुवर्षें करीत आहों. कामाविरुद्ध आमची तक्रार नाहीं. फळ्यावर काय चढतें आणि काय चढत नाहीं, याबद्दल मात्र आहे. नमुन्यादाखल एकच तारीख घेऊं : २५ डिसेंबर.

कोणतीही दिनदर्शिका उघडून पाहा. २५ डिसेंबर म्हणजे नाताळ, येशू ख्रिस्ताचा जन्मदिवस. न्यूटनसाहेबाचा जन्म, १६४२. पंडित मदनमोहन मालवीय यांचा जन्म, १८६१. अटलबिहारी वाजपेयी यांचा जन्म, १९२४. मोठीं माणसें आहेत, नांवें लिहावींच. पण ही यादी वाचून पंचांगवाले मान डोलावतात, "एकाच दिवशीं इतके थोर पुरुष! ग्रहांची करणी, दुसरें काय?" आणि आमचा भोळा शेतकरी हात जोडून हो म्हणतो. वाचकहो, या ग्रहांच्या करणीची जरा उलटतपासणी करूं.

येशू २५ डिसेंबरास जन्मला असें त्याच्या चारी शुभवर्तमानांत कोठेंच लिहिलेलें नाहीं. रोमकडील ख्रिस्ती मंडळींत ही तारीख चौथ्या शतकांत रूढ झाली. रशियांतील ख्रिस्ती लोक आजही आपल्या ७ जानेवारीस नाताळ पाळतात, कारण त्यांच्या धर्मसंस्थेचें कॅलेंडर जुनें आहे. न्यूटनचें तसेंच. तो जन्मला तेव्हां इंग्लंडांत जुनें कॅलेंडर चालू होतें. नव्या हिशेबानें त्याचा जन्मदिवस ४ जानेवारी १६४३. पुढें १७५२ सालीं इंग्रजांनीं कॅलेंडर बदललें आणि वर्षांतून ११ दिवस कलमाच्या एका फटक्यानें गाळून टाकले. ग्रहांना कोणी विचारलें नाहीं. आपल्याकडेही टिळक पंचांगाचा अधिक मास इतर पंचांगांशीं कधीं कधीं जुळत नाहीं. त्या वर्षीं ग्रहांनीं कोणाचें ऐकावें?

वर्षाचे दिवस ३६५, आणि जगांत होऊन गेलेलीं माणसें अगणित. खळ्यांत ३६५ चौकटी आंखून त्यांवर ज्वारीचें पोतें ओतलें, तर प्रत्येक चौकटींत दाणे पडणारच. त्यांत देवाचा हात कशाला शोधावा? कधीं दोन गोष्टी जवळ येण्याला खरें कारणही असतें, पण तें आकाशांत नसून कचेरींत असतें. इंग्रजी अमदानींत नाताळच्या आठवड्यांत कोर्टें, कचेऱ्या, शाळा बंद असत. नोकरीवाल्यांस रजा मिळे, म्हणून सभा-परिषदा त्याच आठवड्यांत भरत. काँग्रेसची पहिली बैठक मुंबईस १८८५ सालीं २८ डिसेंबरास भरली.

इतकें झाल्यावर जें फळ्यावर येत नाहीं तें ऐका.

२४ सप्टेंबर १८७३ रोजीं जोतीराव फुले यांनीं पुण्यांत सत्यशोधक समाज स्थापन केला. त्याला तीन महिने होतात न होतात तोंच, २५ डिसेंबर १८७३ रोजीं, समाजाच्या पद्धतीचें पहिलें लग्न लागलें. वर सीताराम जबाजी आल्हाट, वधू राधा निंबणकर. राधेची आई बाजूबाई ही सावित्रीबाईंची मैत्रीण. भटजी नाहीं, दक्षिणा नाहीं, खर्च काय तो पानसुपारीचा. आणि महिना कोणता? पौष! ज्या पौषांत आमच्या घरीं लग्नाचें नांव काढिलें तर म्हातारीं माणसें कानांवर हात ठेवितात, त्याच पौषाच्या शुद्ध पक्षांत हें लग्न लागलें. आकाश कोसळलें नाहीं. कोसळली ती भिक्षुकांची मिळकत, आणि ओरड झाली ती तिच्यासाठीं. पुढें जुन्नर तालुक्यांत ओतूर येथें बाळाजी कुसाजी पाटील यांनीं जोशाला न बोलावितां घरचें लग्न लाविलें, तेव्हां गांवचे जोशी कोर्टांत गेले. मागणें असें कीं, आम्हांस बोलावा अगर न बोलावा, आमची दक्षिणा आम्हांस मिळालीच पाहिजे. न्हाव्याकडून डोई न करवितां मजुरी कोणी दिली आहे काय? न पेरितां पीक कोणी कापलें आहे काय? असला न बोलावलेल्या जोशाचा हक्क मुंबई इलाख्यांत कायद्यानें उडण्यास १९२६ साल उजाडावें लागलें.

कायदा झाला, पण आमच्या घरांतून जोशी गेला काय? बंधुभगिनींनो, राग धरूं नका. ओटीवर जोतीरावांची तसबीर, तिला ११ एप्रिलास हार, आणि तिच्याच खालीं बसून घरधनी मुलीच्या लग्नाचा मुहूर्त विचारतो, हें आम्ही गांवोगांव पाहतों. पीककर्ज काढावयाचें बियाण्याच्या नांवानें आणि घालावयाचें मांडवांत. मांडव, वाजंत्री, आतां तें कानठळ्या बसविणारें डीजेचें यंत्र, आणि वरून हुंडा, ज्याला १९६१ पासून कायद्यानें बंदी आहे. सुतार, कुंभार, माळी, कुणबी, कोणाचेंही घर घ्या, लग्नाचें कर्ज फिटतें तों दुसरें लग्न दारांत उभें. जोतीरावांना सोयरे कमी नव्हते, विरोधक त्याहून अधिक होते. तरी त्यांनीं पानसुपारीवर लग्न लाविलें. आम्हांस आज कोण अडवितें आहे?

त्या लग्नानंतर ५४ वर्षांनीं तीच तारीख महाडास उगवली. तळ्याचा लढा वाचकांस ठाऊक आहे, म्हणून थोडक्यांत सांगतों. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस मोकळे करण्याचा रावबहादूर बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलांत १९२३ सालीं पास झाला. महाडच्या म्युनिसिपालिटीनेंही चवदार तळें खुलें केलें, पण कागदावर. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकर यांनीं हजारों माणसांसह तेथें पाणी घेतलें, तर सनातन्यांनीं पंचगव्य ओतून तळें 'शुद्ध' केलें. गुरें प्यालेलें पाणी चालतें, माणूस प्याला तर बाटतें! म्हणून डिसेंबरांत पुन्हां परिषद भरली. जागा कोणी देईना, ती फत्तेखान नांवाच्या मुसलमान गृहस्थानें दिली. २५ डिसेंबरच्या रात्रीं मंडपासमोर खड्डा खणून त्यांत मनुस्मृति जाळली. आणि हें लक्षांत ठेवा कीं जाळण्याचा ठराव मांडणारे गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे हे जन्मानें ब्राह्मण होते. आमचें भांडण जन्माशीं नाहीं, जन्मावरून भाव ठरविणाऱ्या पोथीशीं आहे. प्रतिपक्षानें कोर्टाचा मनाईहुकूम आणला होता, त्यामुळें त्या खेपेस तळ्यावर जाण्याचें तहकूब झालें. मुंबई हायकोर्टाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूनें लागला तो १७ मार्च १९३७ रोजीं. पाण्याच्या एका ओंजळीसाठीं दहा वर्षें!

मनुस्मृति जाळली याबद्दल अजून कित्येक विद्वान हळहळतात. ग्रंथ जाळावा काय, विचाराला विचारानें उत्तर द्यावें, वगैरे. या विद्वानांना घेऊन आम्ही आतां त्याच तारखेच्या तिसऱ्या गोष्टीकडे, दूर दक्षिणेस जातों.

तंजावर म्हटलें कीं आम्हांस भोसल्यांचें राज्य आठवतें. तेव्हांच्या त्याच तंजावर जिल्ह्यांत, भातशेतीच्या मुलखांत, किळवेण्मणि नांवाचें खेडें होतें. तेथील दलित शेतमजुरांनीं लाल बावट्याखालीं संघ केला आणि मिरासदारांजवळ कापणीच्या मजुरींत अर्धें माप भात वाढवून मागितलें. अर्धें माप! बाजारांत मापाड्याच्या हातून सांडतें तेवढें. २५ डिसेंबर १९६८ च्या रात्रीं आधीं मारामारी झाली, तींत मिरासदारांच्या बाजूचा एक माणूस मेला. नंतर मिरासदारांचीं माणसें चालून आलीं. तरणे पुरुष पळाले. बाया, मुलें व म्हातारीं माणसें एका झोंपडींत शिरलीं. ती झोंपडी पेटवून दिली. ४४ जीव जळाले.

खालच्या कोर्टानें मिरासदारांस शिक्षा दिली. मद्रास हायकोर्टानें ते सोडले. कारण काय दिलें? हे श्रीमंत जमीनदार, यांतील कोणाजवळ मोटारगाडी, ते स्वतः पायीं चालत जाऊन झोंपड्या पेटवितील हें संभवत नाहीं. म्हणजे मोटार असणें हा निर्दोषपणाचा पुरावा झाला. या हिशेबानें गुन्हा तेवढा अनवाणी माणसानेंच करावयाचा. महाडांत कागद जळला त्यावर शंभर वर्षें चर्चा चालते. त्या ४४ जणांचें आमच्याकडे किती विद्वानांनीं नांव काढिलें?

तीन सालें, तीन गांवें, आणि ग्रहांचा संबंध एकींतही नाहीं. एका घरानें जोशाला नाकारिलें, एका परिषदेनें पोथीला नाकारिलें, आणि एका खेड्यानें ठरलेली मजुरी नाकारिली तर त्याची राख झाली. हें मुलांस एका ठिकाणीं वाचावयास मिळालें तर त्यांच्या डोक्यांत कांहीं प्रश्न उठतील. बहुधा त्याचीच कोणाला तरी भीति असावी.

यावर कोणी म्हणेल, मास्तर, मग लिहा ना फळ्यावर! लिहिलें असतें. पण २५ डिसेंबरास नाताळची सुट्टी. त्या दिवशीं शाळेला कुलूप, परिपाठ नाहीं, फळा कोरा. म्हणून आमच्या शिक्षकबंधूंस विनंति कीं, २४ तारखेस शाळा सुटण्यापूर्वीं पुण्याचें लग्न, महाडचा खड्डा आणि किळवेण्मणिची झोंपडी, हीं तिन्ही सालवार लिहावीं आणि फळा न पुसतां ठेवावा. आणि पौषांत ज्यांच्या घरीं लग्नाचीं बोलणीं चाललीं असतील त्यांनीं मुलांस विचारावें, काल शाळेंत काय वाचलें?